दोन दिनार आणि परतीचा शब्द



17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ आपल्या पालघरच्या किनाऱ्याजवळून गेले. पत्रे उडाले, वीज गेली. अशा वेळी मदत म्हटली की आपल्याला तांदूळ व ताडपत्री आठवते. पण विजेविना मधुमेही आजीचे इन्सुलिन खराब होते, क्षयरोग्याच्या गोळ्या भिजतात, साचलेल्या पाण्यातून जखमेत लेप्टोचे जंतू शिरतात.

शोमरोनी माणसाने (लूक 10:25-37) परक्याच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला. त्या काळचे ते औषधच. पण तो तिथे थांबला नाही. उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले आणि परत येण्याचा शब्दही दिला.

आपली सेवाही अशीच असावी. पहिल्या दिवशी मलमपट्टी, आठवड्याने पुन्हा विचारपूस; जात-धर्म न पाहता. पावसाळ्यापूर्वी आपापल्या वाडीतील रोज औषध घेणाऱ्यांची यादी करू या.