'चाळ' : एक शब्द, अनेक अर्थ

विद्यार्थी मित्रांनो, एकच शब्द किती अर्थ वाहून नेतो हे पाहण्यासाठी परळ-लालबागचा नित्याचा शब्द घेऊ : चाळ.

तमाशातील नर्तकी पायांत बांधते तो घुंगरांचा चाळ पुल्लिंगी. एका रांगेत खोल्या आणि समोर सामाईक गॅलरी असलेली चाळ स्त्रीलिंगी. शेतकऱ्याची लांबट, हवेशीर कांदाचाळही स्त्रीलिंगीच. 'चाळणे' हे क्रियापद. पीठ चाळतात, तसे पुस्तकही चाळतात. म्हणजे अर्थ ठरतो तो लिंगावरून आणि वाक्यातील स्थानावरून.

परंतु शब्दाला इतिहासही असतो. 1896 साली मुंबईत प्लेग आला. त्यानंतर 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला; त्याने बांधलेल्या त्या बी.आय.टी. चाळी. नायगाव, वरळी, शिवडी व डिलाईल रोड येथील बी.डी.डी. चाळी 1920 नंतरच्या. गिरणगावचे श्रमिक त्यांत वाढले.

प्रवेश-अर्ज भरताना एका विद्यार्थ्याने पत्त्यातील 'चाळ' हा शब्द खोडला होता. मी त्याला एवढेच सांगितले : बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीत, 50 व 51 क्रमांकाच्या खोल्यांत, अनेक वर्षे राहिले. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात, 1927 साली, त्यांचा पत्ता हाच होता. त्याने तो शब्द पुन्हा लिहिला.

मित्रांनो, चाळीत राहण्यात कमीपणा नाही. ग्रंथ नुसते चाळण्यात मात्र आहे. बाबासाहेबांनी ते अभ्यासले.