मनाचे शास्त्र आणि त्याचे विद्यार्थी

मनाचा विचार मराठी माणसाला नवा नाही. समर्थ रामदासांनी मनालाच उपदेश करण्यासाठी 'मनाचे श्लोक' रचले, आणि ते आजही घरोघरी म्हटले जातात. परंतु मनाला उपदेश करणे निराळे आणि मनाचे व्यापार प्रयोगाने तपासून पाहणे निराळे. हे दुसरे कार्य मानसशास्त्र करते. जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठात विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली मानसशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन केली. आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठाने १९१६ साली या विषयाचा स्वतंत्र विभाग उघडला. नरेंद्रनाथ सेनगुप्त हे त्याचे पहिले प्रमुख होत. आज आपल्या अनेक विद्यापीठांत हा विषय शिकविला जातो. तो निवडणारे विद्यार्थी त्याच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतात, हे जाणून घेण्यासारखे आहे.

कित्येकांना वाटते की, मानसशास्त्र म्हणजे दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याची विद्या. कित्येक जण ते केवळ मनोरुग्णांसाठी आहे असे समजतात. काही जण स्वतःच्या मनातील एखादे कोडे उलगडेल या आशेने येतात. तर काही जण सोपा विषय म्हणून येतात आणि संख्याशास्त्राचे प्रकरण समोर येताच गोंधळून जातात. मन मोजावयाचे कसे, आणि मोजावयाचे तरी कशाला, असा प्रश्न त्यांना पडतो.

आणखी एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. "यात नवे ते काय? हे तर आमच्या आजीलाही ठाऊक होते!" या आक्षेपाचा विचार केला पाहिजे. मुलगा बापासारखा निघाला की आपण म्हणतो, 'खाण तशी माती.' तो तसा निघाला नाही की म्हणतो, 'हिऱ्यापोटी गारगोटी.' दोन्ही म्हणी आपल्या पदरी असल्यामुळे काहीही घडले तरी आपले म्हणणे खरेच ठरते! घडून गेल्यावर कारण सांगणे सोपे असते. पण कोणती गोष्ट, किती वेळा आणि कोणत्या परिस्थितीत घडते, हे म्हण सांगत नाही. ते मोजूनच पाहावे लागते. संख्याशास्त्राची गरज येथेच पडते.

उदाहरणार्थ, पाठ केलेले आपण विसरतो, हे कोणाला ठाऊक नाही? परंतु हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने ते मोजावयाचे ठरविले. अर्थ नसलेल्या अक्षरसमूहांच्या याद्या त्याने स्वतः पाठ केल्या, काही काळाने त्या पुन्हा पाठ केल्या आणि दुसऱ्या खेपेस किती श्रम वाचले याची नोंद ठेवली. १८८५ साली त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका तासानंतर तीच यादी पुन्हा पाठ करण्यास मूळच्या निम्म्याहून अधिक श्रम पडले; एका दिवसानंतर सुमारे दोनतृतीयांश. म्हणजे विस्मरण प्रथम वेगाने होते आणि पुढे मंदावते. त्याला असेही आढळले की, एकाच बैठकीत केलेली ६८ आवर्तने आणि तीन दिवसांत वाटून केलेली ३८ आवर्तने यांचा परिणाम जवळजवळ सारखाच होतो. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून घोकंपट्टी करणाऱ्याने हे आकडे अवश्य ध्यानात ठेवावेत.

मग या शास्त्राचे सारेच निष्कर्ष निर्विवाद आहेत काय? तसे नाही. २०१५ साली अनेक संशोधकांनी मिळून, पूर्वी प्रसिद्ध झालेले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा निम्म्याहून कमी अभ्यासांत पूर्वीचा निष्कर्ष स्पष्टपणे पुन्हा मिळाला. हे ऐकून 'याला शास्त्र तरी कसे म्हणावे?' असे काही विद्यार्थी विचारतात. परंतु ही उणीव उघड केली ती मानसशास्त्रज्ञांनीच. ज्याला आपली चूक शोधण्याचा मार्ग ठाऊक आहे आणि ती मान्य करण्याचे धैर्य आहे, तेच शास्त्र होय.

या शिस्तीचा उपयोग केवळ परीक्षेपुरता नाही. वर्गातील एखादा मुलगा एकाएकी अबोल होतो, अभ्यासात मागे पडतो. कोणी त्याला आळशी म्हणतो, कोणी वेडा म्हणून हिणवतो. हे निर्णय आपण किती पटकन देतो! मानसशास्त्राचा खरा विद्यार्थी असा शिक्का मारण्यापूर्वी थांबतो, त्या मुलाची विचारपूस करतो आणि गरज दिसली तर त्याला जाणकारांकडे नेण्याविषयी वडीलधाऱ्यांना सुचवितो. मनाचे आजारही आजारच आहेत; त्यांत लाज वाटण्यासारखे काही नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येकाला अशा उपचारांचा हक्क दिला आहे. पण तो हक्क बजावण्याचे बळ रुग्णाला आपल्या वागण्यातूनच मिळते.

पदवी घेतल्याने कोणी मनकवडा होत नाही. 'मला वाटते' आणि 'मी तपासून पाहिले' या दोहोंतील अंतर मात्र त्याला कळू लागते. एवढे ज्याला कळले, त्याचे शिक्षण व्यर्थ गेले नाही.

स्वाध्याय
१. मानसशास्त्राविषयी विद्यार्थ्यांचे कोणकोणते समज असतात?
२. पाठातील दोन म्हणी परस्परविरुद्ध कशा आहेत, ते स्पष्ट करा. अशी आणखी एक जोडी शोधा.
३. एक कविता एकाच दिवशी व दुसरी तीन दिवसांत थोडीथोडी पाठ करा. आठवड्यानंतर कोणती अधिक आठवते, ते लिहून काढा.