आधी तालीम, मग उपज : जॅझ गायिका आशा पुथली



जॅझ हे नाव आपल्या पांढरकवड्यात फारसं कानावर पडत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय समाजात हे संगीत घडलं. त्याचा जीव एकाच गोष्टीत आहे : ठरलेली चाल घ्यायची आणि गाता-वाजवताना तिथल्या तिथे स्वतःची भर घालायची. आपल्याकडे ख्याल गाणारे यालाच 'उपज' म्हणतात.

या दोन्ही वाटा एकाच गळ्यात आलेली गायिका म्हणजे आशा पुथली. जन्म १९४५, मुंबईचा. लहानपणापासून शास्त्रीय गायनाची तालीम, जोडीला पाश्चात्त्य ऑपेराचं शिक्षण. पुढे जॅझची ओढ लागली. लेखक वेद मेहता यांनी १९७० च्या 'पोर्ट्रेट ऑफ इंडिया' या पुस्तकात त्यांच्याविषयी लिहिलं. त्या सुमारास त्या न्यूयॉर्कला गेल्या. जॉन हॅमंड या नामांकित निर्मात्यामुळे सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्यापर्यंत पोहोचल्या. १९७१ साली कोलमन यांच्या 'सायन्स फिक्शन' या अल्बमसाठी त्यांनी दोन गाणी गायली.

कोलमन यांचं संगीत सोपं नाही. जॅझमधली नेहमीची स्वरसंगतीची चौकटही त्यात सैल केलेली असते. नक्कल करायला समोर काही नसतं. अशा ठिकाणी सुराची पक्की बैठकच गायकाला सावरते.

पुढे १९७६ चा 'द डेव्हिल इज लूज' हा त्यांचा अल्बम गाजला. नंतर मुलाच्या संगोपनासाठी त्या बरीच वर्षं गाण्यापासून दूर राहिल्या. पण २००६ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्या पुन्हा गायल्या आणि २०२४ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर, इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवातही.

आता आपल्या शाळांकडे वळू या. स्नेहसंमेलनात बक्षीस बहुतेक वेळा कुणाला मिळतं? मूळ गायिकेसारखं हुबेहूब गाणाऱ्या मुलीला. नक्कल ही शिकण्याची पहिली पायरी आहे, हे खरंच. पण आपण मुलांना तिथेच थांबवतो. आपल्या तालुक्यातली कित्येक लेकरं घरी कोलामी, गोंडी, बंजारा किंवा तेलुगू गाणी ऐकत मोठी होतात. तो ठेवा वर्गाच्या दाराबाहेरच राहतो. मग मूल हळूहळू गप्प होतं आणि आपण म्हणतो, 'याला गाता येत नाही.'

वर्गात हे करून पाहा :

१. सगळ्यांना येणारं एक गाणं घ्या. भुलाबाईचं चालेल. ते तालासुरात पक्कं करून घ्या.

२. आता शब्द आणि ताल तोच ठेवा. शेवटची ओळ मात्र एकेका मुलाने आपल्या चालीत म्हणायची. घरच्या गाण्याची चाल आणली तर उत्तमच.

३. ओळ संपली की सगळ्यांनी मिळून पहिल्या टाळीवर परत यायचं. म्हणजे मोकळीक मिळते आणि शिस्तही राहते.

या वेळी गुण देऊ नका आणि कुणालाही मध्येच दुरुस्त करू नका. सूर चुकला तर नंतर शिकवता येतो. एकदा मिटलेलं तोंड उघडायला मात्र वर्षं लागतात.

पालकांनीही घरी एवढंच करावं. मूल गुणगुणत असेल तर 'नीट म्हण' असं लगेच सांगू नका. आधी पूर्ण ऐकून घ्या.