‘पी’ मध्ये अडकलेला गिअर : आधी काय तपासावे?



ट्रॅक्टरचा गिअर अडकला तर क्लच दाबून, गाडी थोडी मागेपुढे ढकलून आपण तो सोडवतो. हल्ली काहींच्या घरी ऑटोमॅटिक मोटारी आल्या आहेत. मुंबईहून निघालेली अशी गाडी पनवेलला चहाला थांबते आणि निघताना दांडा ‘पी’ मधून हलतच नाही. अशा वेळी जोर लावू नये, दांडा तुटेल.

‘पी’ मध्ये गिअरबॉक्समधील एक खिटी दातेरी चक्रात बसते व चाके अडवते. शिवाय दांड्याला विजेचे कुलूप असते. स्विच चालू करून ब्रेक दाबल्याशिवाय ते सुटत नाही. पोराने दांडा ओढला तरी गाडी पळू नये, ही त्यातली सोय.

तपासणी क्रमाने करावी :

१) स्विच पूर्ण चालू आहे ना? ब्रेकखाली पायपुसणे अडकले नाही ना? बॅटरी उतरली असेल तरी कुलूप सुटत नाही.

२) ब्रेक दाबून मागचे लाल दिवे दुसऱ्याला पाहायला सांगा. पेटत नसतील तर फ्यूज किंवा ब्रेकचा स्विच गेला असण्याचा संभव जास्त. पुष्कळ गाड्यांत हाच स्विच कुलपालाही खबर देतो.

३) दिवे पेटतात, पण दांड्याजवळ ‘टक्’ आवाज नाही? मग कुलपाची वायर, फ्यूज किंवा कॉइल पाहावी. आवाज येतो, तरी दांडा घट्ट? मग दांड्याचे बटण, केबल किंवा उतार.

४) उतारावर गाडीचा सारा भार खिटीवर येतो. दोघा-तिघांनी बाजूला उभे राहून गाडी किंचित चढाकडे रेटावी आणि तेवढ्यात ब्रेक दाबून धरावा. भार सुटला की दांडा निघतो. उताराच्या बाजूला कोणी उभे राहू नये.

बऱ्याच गाड्यांत दांड्याजवळ झाकणाखाली कुलूप हाताने सोडवायची जागा असते. गाडीचे पुस्तक पाहावे. आधी हँडब्रेक ओढावा, चाकाला दगड लावावा व पाय ब्रेकवर ठेवावा.

मात्र एवढ्याने काम भागले असे समजू नये. ब्रेकचे दिवे बंद असताना बोरघाट चढू-उतरू नये. मागच्या ट्रकवाल्याला तुम्ही थांबताय हे कळणारच नाही. किरकोळ फ्यूजपायी जीव धोक्यात घालू नका. पनवेललाच मिस्त्री गाठा.

पुढे हा त्रास नको असेल तर थांबताना आधी न्यूट्रल, मग हँडब्रेक, मग पाय सोडून गाडी स्थिर झाल्यावर पुन्हा ब्रेक दाबून ‘पी’. एवढी सवय घरातल्या सर्वांनी लावून घ्यावी.