होडी किनाऱ्यावर असली तरी डोळे सांभाळा

सभासद बंधू-भगिनींनो,

1 जून ते 31 जुलै आपली मासेमारी बंदी. दर्यावर जायचं नाही म्हणून आपण निर्धास्त असतो. पण गंज काढणं, घासणी, वेल्डिंग, रंगकाम ही डोळ्यांना धोक्याची कामं याच 61 दिवसांत होतात.

मागच्या बंदीत आपल्याच एका खलाशाने हातोडीने गंज ठोकताना डोळ्यात काहीतरी उडालं. "थोडं टोचतंय, होईल बरं" म्हणत डोळा चोळला आणि झोपला. तिसऱ्या दिवशी अंधुक दिसायला लागलं तेव्हा दवाखाना गाठला. लोखंडाचा कण डोळ्याच्या आत गेला होता. ऑपरेशन झालं, पण त्या डोळ्याने आता फक्त उजेड कळतो. असा कण आत गेला तरी कधीकधी फारसं दुखत नाही, हे सर्वांनी लक्षात ठेवावं.

काम करताना:
• ठोकणं, खरवडणं, ग्राइंडर चालवताना बाजूनेही बंद असलेला सेफ्टी चष्मा घाला. नंबरचा किंवा उन्हाचा चष्मा पुरत नाही.
• वेल्डिंगला काळ्या काचेचा मुखवटाच हवा. शेजारी उभे राहून ठिणगीकडे बघणाऱ्यालाही त्रास होतो. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी जळजळ सुटते.
• बॅटरीत ॲसिड किंवा पाणी भरताना, तळाचा रंग लावताना चष्मा काढू नका.
• विंच चालू असताना ताणलेल्या दोराच्या रेषेत उभे राहू नका.

पोरं पावसात खडपावर गरी घेऊन जातात. गरी टाकण्याआधी मागे कोण आहे ते बघायला सांगा. गरी दगडात अडकली तर हिसका देऊ नये, कारण सुटलेलं शिसं सरळ तोंडावर येतं. तोंड वळवून दोरी कापावी. दहा रुपयांचं शिसं गेलं तर जाऊ दे.

दुखापत झालीच तर:
• ॲसिड, डिझेल, रंग उडाला तर लगेच स्वच्छ पाण्याने निदान 15 ते 20 मिनिटं डोळा धुवत राहा. पापण्या उघड्या धरा. पिण्याचा कॅन रिकामा झाला तरी चालेल. मगच डॉक्टरकडे.
• गरी, काटा किंवा कण रुतला असेल तर ओढू नका, चोळू नका, धुऊ नका. वरून कागदी पेला उलटा धरून सैल चिकटवा. डोळ्यावर दाब येता कामा नये.
• मध, दूध, गुलाबपाणी किंवा घरात उरलेले थेंब घालू नका.
• 108 ला फोन करा किंवा थेट डोळ्यांचा विभाग असलेल्या इस्पितळात न्या. आपल्याकडे बांबोळीला सोय आहे.

मालकांना विनंती, प्रत्येक होडीवर माणशी एक चष्मा ठेवा. तांडेलाने आधी स्वतः घालावा, मग खलाशी घालतील. फाटलेलं जाळं आपण शिवून घेतो, डोळ्याचं तसं नाही.

आपले,
सचिव व संचालक मंडळ