दिरियाला जाशील तेव्हा

अगं, रियाधला जायचं ठरलंय ना, मग आधी माझं ऐक. धाहरान-खोबरची आपली मंडळी रियाधला जातात, मॉल बघतात, खरेदी करतात आणि रियाधशेजारचं दिरिया ‘वेळ उरला तर’ म्हणून शेवटावर ठेवतात. तू तसं करू नकोस. आधी दिरिया, मग बाकी सगळं.

का ते सांगते. आपण ज्या सौदी अरेबियात संसार थाटलाय, त्याच्या राजघराण्याची ही पहिली राजधानी. १७२७ मध्ये इमाम मुहम्मद बिन सौद इथे सत्तेवर आले. वादी हनीफाच्या काठी उंचवट्यावर त्यांच्या घराण्याचे वाडे, तो भाग म्हणजे अत-तुरैफ. २०१० पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आता आपल्याकडची सालं आठव. १७३० मध्ये शनिवारवाड्याचं बांधकाम सुरू झालं. १८१८च्या जूनमध्ये दुसरे बाजीराव इंग्रजांना शरण गेले, आणि त्याच सप्टेंबरात कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर उस्मानी सेनापती इब्राहिम पाशाच्या फौजेपुढे दिरिया पडलं. तिथले तेव्हाचे शासक इमाम अब्दुल्ला यांना इस्तंबूलला नेऊन ठार केलं, शहराची धूळधाण केली. पुढे राज्य पुन्हा उभं राहिलं तेव्हा राजधानी रियाधला गेली. एकाच वर्षी दोन सत्ता गेल्या, हे मुलांना तिथे उभं राहून सांग. पुस्तकातल्या धड्यापेक्षा ते त्यांच्या जास्त लक्षात राहील.

सलवा राजवाड्यापाशी घाई करू नकोस. पडक्या भिंती बऱ्याचशा तशाच जपल्यात. जवळ जाऊन बघ, हात मात्र लावू नकोस. मातीच्या विटांवरच्या गिलाव्यात पेंढ्याची काडी न काडी दिसते. आपल्या सोलापूरकडच्या माळवदाच्या घरांसारखंच हे काम: माती, पेंढा, लाकडाची छतं, आणि भिंती इतक्या जाड की उन्हाची झळ आत यायला वेळच लागावा. भिंतींत वर छोटी त्रिकोणी भोकं दिसतील. ती नुसती नक्षी नाही गं, उजेड-वाऱ्यासाठी ठेवलेली आहेत. एसीत राहून आपल्याला वाटतं, या वाळवंटात माणसं राहिली तरी कशी? उत्तर त्या भिंतीतच आहे.

आता जरा व्यवहाराचं. लहान मुलं घेऊन चारशे किलोमीटर गाडी हाकण्यापेक्षा दम्मामहून रेल्वेने जा. सुट्टीच्या दिवसांची तिकिटं लवकर संपतात, तेव्हा आधीच काढ. डब्यात धपाटे-चटणी असू दे, मुलं कुरकुरत नाहीत. तुरैफमध्ये दुपार कलल्यावर शीर. उन्हं उतरताना मातीचा रंग खुलतो आणि अंधार पडला की दिवे लागतात. प्रवेशाचं आणि वेळांचं ऑनलाइन बघूनच निघ, शुक्रवारी तर नक्कीच. चढउतार आहे, चांगले बूट घाल. कपडे सैल, अंगभर. अनोळखी बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नकोस.

दुसऱ्या दिवशी मुलं थकली नसतील तर जुन्या रियाधमधला मस्मक किल्ला बघ. १९०२ मध्ये याच राजघराण्यातल्या अब्दुलअझीझ यांनी तो घेतला तिथूनच आजच्या राज्याची सुरुवात झाली. थकली असतील तर सोड, पुन्हा कधीतरी.

आणि रियाधचा बेत फिसकटला तरी घरात बसू नकोस. हुफूफ आपल्याला दीडेकशे किलोमीटरवर, सकाळी निघून रात्री परत येता येतं. तिथला इब्राहिम राजवाडा उस्मानी अमलातला, आत घुमटाची मशीद. १९१३ पर्यंत तुर्कांची सत्ता होती तिथे. बाहेर खजुराच्या बागा पसरलेल्या.

नोकरी संपली की आपण इथून जाणार, परत यायला मिळेल न मिळेल. पुढच्या वर्षी बघू म्हणता म्हणता लोक सामान बांधून गेलेले मी पाहिलेत. तेव्हा या थंडीतच जा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी केव्हाही. तिकिटं आज रात्रीच बघ.