माझ्या पोटातले हाड

बंद डब्यात जास्त काही कोंबले की दाब वाढतो, हे आपण फर्स्ट इयरपासून घोकतोय. हा नियम माझ्या डोक्यालाही लागू झाला, म्हणून हा लेख.

गेल्या वर्षी रस्त्यावर एका गाडीने मला उडवले. मेंदूच्या डाव्या बाजूला मार लागला, सूज आली. कवटी म्हणजे कडक डबा. त्यात मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी, एवढेच मावते. एक वाढले तर दुसऱ्याने जागा द्यायची. मन्रोने १७८३ मध्ये आणि केलीने १८२४ मध्ये मांडलेला हा सिद्धांत. आतला दाब साधारण ७ ते १५ मिमी पारा असतो. तो फार वाढला की मेंदूला रक्त पुरत नाही. मग सर्जन कवटीचा तुकडाच काढून ठेवतात. तो डीप फ्रीझरमध्ये ठेवतात, नाहीतर पेशंटच्याच पोटाच्या कातडीखाली. माझा पोटात आहे!

आता दिवाळीच्या सुट्टीत तो परत बसवायचा आहे. या ऑपरेशनला क्रेनिओप्लास्टी म्हणतात. हाड खराब निघाले तर टायटॅनियमची प्लेट.

बाहेरून मी ठणठणीत दिसतो. पण दुसऱ्या लेक्चरला डोके बंद पडते. ओळखीचा शब्द ओठांवर येऊन अडतो. मेसमधला ताटांचा गोंगाट सहन होत नाही. हा आळस नव्हे, जखमी मेंदूला साध्या कामालाही जास्त कष्ट पडतात. उपाय साधे आहेत: सगळे एकाच वहीत लिहायचे, वीस मिनिटे अभ्यास आणि मग विश्रांती, गोळ्यांसाठी मोबाईलचा अलार्म. हाड नसलेल्या बाजूवर झोपायचे नाही आणि चालताना हेल्मेट. (हसा खुशाल!)

ऑपरेशनची तयारी म्हणजे डॉक्टरांना सगळे खरे सांगणे. कोणत्या गोळ्या चालू आहेत (अ‍ॅस्पिरिन आणि आयुर्वेदिकसुद्धा), ताप, सर्दी, फोड, काहीही. फिटची गोळी मनाने बंद करायची नाही. भूल देण्याआधी साधारण सहा तास खायचे नाही, पण त्या सकाळी फिटची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का, हे आधीच विचारून ठेवायचे.

आई विचारते, "आता सगळं पहिल्यासारखं होईल ना रे?" मी सांगतो, "आई, हाड बसल्यावर मेंदूला संरक्षण मिळेल. काहींना थोडं बरंही वाटतं. पण विसरणं एका दिवसात जाणार नाही." तिला खोटी आशा देणे मला जमत नाही. जंतुसंसर्ग, रक्तस्राव, फिट हे धोके आहेत, तेही तिला सांगितले.

शेवटी रूम पार्टनर्ससाठी: मला फिट आली तर कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच हॉस्पिटल. आणि मी बोलताना अडलो तर शब्द पुरवायची घाई करू नका. थोडे थांबा, येतो तो.